उपचारकाळातील पथ्य : घास आणि पाऊल

घरातील ज्येष्ठ स्त्रीला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले, की दोन वाक्ये हमखास कानी पडतात. ‘आता तुम्ही फक्त आराम करा’ हे पहिले आणि ‘हे खाऊ नका, ते खाऊ नका’ हे दुसरे. दोन्हींमागे माया असते, हे मी जाणते. सदुसष्टाव्या वर्षी केमोथेरपी, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन या तिन्हींतून जाताना त्या मायेचाच मला आधार होता. तरीही आपणांस सांगावेसे वाटते, की या काळातील पथ्याचा हेतू निराळा आहे. आहाराने वा व्यायामाने कर्करोग बरा होत नाही. त्यासाठी डॉक्टरांचे उपचारच हवेत. मात्र ते उपचार शरीराला सोसावेत आणि ठरल्या वेळी पूर्ण व्हावेत, एवढी ताकद टिकवणे हे घास आणि पाऊल या दोहोंचे काम आहे.

प्रथम घासाविषयी. केमोथेरपीनंतरचे चार-पाच दिवस मला फोडणीचा वास सहन होत नसे आणि स्टीलच्या चमच्याने खाल्ले की तोंडात धातूची चव उतरे. अशा वेळी ‘पोटभर जेवा’ हा आग्रह निरुपयोगी असतो. माझ्या सुनेने दोन जेवणांऐवजी दिवसातून सहा वेळा थोडे थोडे द्यायला सुरुवात केली. गरम अन्नाचा वास अधिक येतो, म्हणून मुगाची मऊ खिचडी कोमट झाल्यावरच समोर येई आणि सोबत लाकडी चमचा असे. तोंड आले तेव्हा तिखट व आंबट बाजूला ठेवून दूधभात आणि पिकलेले केळे यांवर निभावले.

या थोड्याशा अन्नात प्रथिने मात्र पुरेशी हवीत. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण १ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे या काळासाठी सांगितले जाते. माझे वजन ५६ किलो; म्हणजे ५६ ते ८४ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात ६ ते ७ ग्रॅम आणि मोठ्या पेलाभर दुधात ७ ते ८ ग्रॅम प्रथिने असतात. हा हिशेब एकदा मांडला, की केवळ पेज आणि सरबतावर दिवस काढणाऱ्या रुग्णाचे स्नायू का झिजतात, ते ध्यानात येते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

उलट बाजूही आहे. या आजाराच्या उपचारांत अनेक स्त्रियांचे वजन घटण्याऐवजी वाढते. मळमळ रोखण्यासाठी दिली जाणारी स्टेरॉइडे आणि मंदावलेली हालचाल ही त्याची दोन कारणे. म्हणून भेटीस येणाऱ्यांनी प्रेमाने आणलेले डिंकाचे लाडू आम्ही घरातल्या सर्वांत वाटून टाकत असू. आठवड्यातून एकदा वजन करून वहीत लिहावे. वाढ असो वा घट, ती डॉक्टरांना दाखवावी.

सल्ले पुष्कळ येतात. साखर पूर्ण तोडा, केवळ रस प्या, कडक उपवास करा. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ मध्ये उपचारकाळासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. उपवास किंवा कीटोसारखे विशेष आहार सुचवावेत इतका पुरावा हाती नाही, असे त्यांत म्हटले आहे. काढे, चूर्णे व हळदीच्या कॅप्सूल औषधांच्या कामात अडथळा आणू शकतात. डॉक्टरांना विचारल्यावाचून त्या घेऊ नयेत. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्ची मोडधान्ये, न उकळलेले दूध आणि उघड्यावरचे अन्न टाळावे. घरचे ताजे, शिजवलेले अन्न आणि स्वच्छ धुतलेली फळे अवश्य खावीत.

आता पावलाविषयी. त्याच सूचनांमध्ये, बरे करण्याच्या उद्देशाने उपचार चालू असताना चालण्यासारखा आणि स्नायूंना बळ देणारा व्यायाम रुग्णांना सुचवावा, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याने थकवा कमी होतो. केमोथेरपीचा थकवा झोपून भरून निघत नाही, याचा मी अनुभव घेतला. गॅलरीत सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे चालणे, खुर्चीतून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे, एवढाच माझा नेम होता. वाईट दिवशी तो पाच मिनिटांवर येई, पण सहसा मोडत नसे.

शस्त्रक्रियेनंतर मात्र घरच्यांनी माझा हात जणू काचेचा मानला. सून म्हणे, “आई, तुम्ही काही उचलू नका.” फिजिओथेरपिस्टने वेगळीच जाणीव करून दिली : रेडिएशन घेताना हात डोक्यावर नेऊन स्थिर ठेवावा लागतो, खांदा आखडला तर तेच अवघड होऊन बसते. प्रथम मूठ उघडणे-मिटणे आणि कोपर वाकवणे, नळी निघाल्यावर भिंतीवरून बोटे वर चढवणे, असा क्रम त्यांनी घालून दिला. माझे यजमान रोज बोटे पोहोचतील तेथे पेन्सिलीने खूण करीत. काही दिवस ती खूण हलतच नसे आणि मनात धास्ती दाटून येई. चौथ्या आठवड्यात मी माझी वेणी स्वतः घातली. रेडिएशन ठरल्या दिवशी सुरू झाले.

काखेतील गाठी काढल्या असतील तर हाताला सूज येण्याचा धोका पुढेही राहतो. जड वाटणे, बांगडी घट्ट होणे ही त्याची पहिली चिन्हे. ती दिसताच डॉक्टरांना सांगावे. मात्र या भीतीने हात कायमचा जपून ठेवण्याची गरज नाही. २००९ मध्ये अमेरिकेत आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजने उचलल्याने त्यांची सूज वाढली नाही.

ताप १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर व्यायाम थांबवून त्वरित रुग्णालयाशी संपर्क साधावा. हाडांत आजार पसरला असल्यास किंवा रक्तातील प्लेटलेट फार कमी असल्यास कोणताही व्यायाम विचारूनच करावा.

शुश्रूषा करणाऱ्यांना एकच विनंती. रुग्णाच्या हातून सगळी कामे काढून घेऊ नका. शेंगा सोलणे, देवापुढचा दिवा लावणे, घड्या घालणे, यांतले झेपेल ते तिच्याकडे राहू द्या. ‘काय खाणार?’ हा प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहा आणि ती चालायला निघाली, की ‘बसा’ म्हणण्याऐवजी चपला पायांत घालून तिच्यासोबत निघा.