मापाची साक्ष

अमेरिकेत नेमबाजीचा छंद असणारे पुष्कळ गृहस्थ आपली काडतुसे घरीच भरतात. येथे राहून आम्हीही त्यांपैकीच एक झालो आहोत. बंदुकीची दारू तोलून देणारे आमचे विजेचे यंत्र आता वृद्ध झाले. त्यातील नळी फिरते, दारूचे कण ताटलीत पडतात, ताटलीखालची धातूची पट्टी भाराने किंचित वाकते आणि त्यावरून आकडा उमटतो. माप ग्रेनचे. १८३३ साली ठरलेल्या आपल्या तोळ्यात १८० ग्रेन व ९६ गुंजा. म्हणजे ग्रेन हा अर्ध्या गुंजेहून थोडासाच जड. परंतु असे मोजके ग्रेन अधिक पडले, तर बंदूक फुटून हाताडोळ्यांवर बेतते.

यंदा आकडा चळू लागला. आम्ही वाऱ्याची झुळूक अडविली, यंत्र अर्धा तास तापू दिले, वीज पुरविणारा जोडही बदलला. तरी तेच प्रमाण वजन तीनदा ठेवता आकडे तीन! एकाच अंगाने चुकणारे माप सुधारता येते. दर वेळी निराळे बोलणाऱ्या मापावर जीव कसा सोपवावा? म्हणून नवे यंत्र आणावयाचे ठरविले. प्रमाण वजने आणि दांडीचा जुना तराजू मात्र जवळच राहतील. नव्याचाही शब्द साक्ष काढूनच मानावा, हे बरे.