सावित्रीच्या मुखाशी : वेळासचा किनारा

चवदार तळ्यावर मानवंदना द्यायला विदर्भातून जाणारी मंडळी २० मार्चचा कार्यक्रम आटोपला की तशीच परतीच्या गाडीला लागतात. रजा नसते, पैसाही नसतो. गेल्या मार्चमध्ये मात्र आम्ही यवतमाळची बावीस मंडळी वर्षभर भिशी टाकून दोन दिवस जादा काढूनच निघालो होतो. महाडजवळून वाहणारी सावित्री नदी समुद्राला मिळते तिथवर जायचे ठरले होते. आमच्यापैकी निम्म्या जणांनी समुद्र पाहिला होता तो चैत्यभूमीवर, ६ डिसेंबरच्या गर्दीत. तेव्हा पाण्याला पाय लावायलाही सवड मिळाली नव्हती.

महाडहून मंडणगड आणि तेथून एस.टी.ने वेळास. मंडणगड तालुक्यातच बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आहे. तेथेही आम्ही गेलो, पण त्यावर स्वतंत्रच लिहावे लागेल. रस्ता वळणावळणाचा, तेव्हा ज्यांना गाडी लागते त्यांनी लिंबू जवळ ठेवावे.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे छोटे गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या ओलांडल्या की सुरूची झाडे लागतात आणि त्यापलीकडे एकदम वाळू. दोन्ही अंगांना डोंगर पुढे आलेले, त्यामुळे किनारा कुशीत घेतल्यासारखा वाटतो. आम्ही गेलो त्या सकाळी ना भेळवाला होता, ना घोडागाडी. बायकांनी पदर खोचले आणि सरळ पाण्यात शिरल्या. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने नळाच्या पाण्याची किती वाट पाहिली ते आमच्या जिल्ह्यातील वाचक विसरलेले नाहीत. एक उपासिका म्हणाल्या, "एवढं पाणी, अन् गुंडभरही पिण्याच्या कामाचं नाही!" सगळे हसले.

पाणी शांत दिसते म्हणून लेकरांना मोकळे सोडू नये. भरती-ओहोटीची वेळ गावकऱ्यांना विचारावी आणि ओहोटी सुरू झाली की गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये. नदीचा पूर ओळखणाऱ्या आपल्या माणसांना ही ओढ कळत नाही.

या किनाऱ्याचे नाव झाले ते कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूवर येते, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसे खात, विकत. उरलेली कुत्री-कोल्हे उकरत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी जाळीच्या कुंपणात जपायला सुरुवात केली. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात. आम्ही दोरीमागे उभे राहून पाहिले. तळहाताएवढीही नसलेली ती पिल्ले लाटेने उलटी होत, मागे फेकली जात, पुन्हा चालू लागत. त्यांना हात लावायचा नाही, ही सक्त ताकीद. आमचा एक नातू रडकुंडीला आला, पण नियम तो नियम.

पाहुणे उतरतात गावातल्याच घरांत. त्याची आम्हांला, खरे सांगायचे तर, धास्ती होती. आडनाव विचारतील का? वेगळे बसवतील का? रात्री ओटीवर पंगत बसली. जेवण झाल्यावर आमच्यातील सर्वांत वयस्क बाई जुन्या सवयीने स्वतःचे ताट उचलून घासायला बाहेर निघाल्या. घरच्या सूनबाईंनी ते हातातून घेतले आणि म्हणाल्या, "आजी, राहू दे, मी बघते." बस, एवढेच. त्यावर कोणी काही बोलले नाही. पण त्या बाई उशिरापर्यंत जाग्या होत्या.

दुसऱ्या दिवशी जवळच्याच बाणकोटच्या किल्ल्यावर चढलो. १७५६ साली हा इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिले. त्या नावाची राणी तेव्हा जन्मलेलीसुद्धा नव्हती! खाली सावित्रीचे रुंद मुख, पलीकडे हरिहरेश्वरचा डोंगर. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी निघाले, ते याच मुखातून आत शिरून दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरात उतरले. तेथून पायी महाड, आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन. पुस्तकात दासगाव वाचले होते, पण बोट कुठून आली असेल ते कधी डोळ्यांपुढे आले नव्हते. आम्ही मुलांना बोटाने दाखवले : समुद्र तो, तेथून बोट अशी वळली, आणि महाड त्या बाजूला, आत. मुलांनी विचारले, बोट केवढी होती? दोनशेच्या वर माणसे मावतील एवढी, असे सांगितल्यावर ती बराच वेळ पाण्याकडे पाहत बसली.

कासवांसाठी जायचे तर फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ धरावा. गावात उतरण्याची सोय आधी फोन करून ठरवावी. बॅटरी जवळ असू द्यावी, मात्र रात्री वाळूवर ती लावू नये.