रेल्वे स्टेशनपर्यंत आली, वस्तीपर्यंत कोण येणार?

कल्याणच्या पुढे, रुळांपासून तीनेक किलोमीटर आत आमची वस्ती आहे. कमानीवर निळा झेंडा, आत बुद्धविहार, मागे नाला. वस्तीतल्या बाया पहाटेच्या लोकलने मुंबईत झाडलोटीला, धुण्याभांड्याला, हाऊसकीपिंगच्या कामाला जातात. आम्ही कॉलेज केलं तेही याच लोकलच्या दाराला लटकून. त्यामुळे लोकलच्या फेऱ्या वाढणार, नवा मार्ग होणार अशी बातमी आली की पहिला आनंद आम्हालाच होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणीतरी आम्हाला विकासविरोधी ठरवणारच आहे.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची मावशी रात्री साडेबाराच्या सुमारास स्टेशनवर उतरली. बस नव्हती. शेअर रिक्षावाल्याने विचारलं, कुठं? तिने वस्तीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "चौकापर्यंत सोडतो. आत येणार नाही." चौकापासून पुढचा किलोमीटरभर अंधार, चिखल आणि कुत्री. तिने फोन केला, आम्ही बॅटरी घेऊन गेलो. घरी पाय धुताना ती एवढंच म्हणाली, "गाडीत दीड तास उभी राहते त्याचं काही वाटत नाही रे. भीती वाटते ती या शेवटच्या तुकड्याची."

'आत येणार नाही' हे शब्द आपल्या समाजाला नवे नाहीत. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये १९०१ सालची आठवण लिहिली आहे. लहानगा भीम, भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला. आगगाडीने त्यांना मसूर स्टेशनपर्यंत बिनतक्रार आणलं. तिकीट होतं, डबा होता, अंगावर नवे कपडे होते. स्टेशनमास्तरने जात विचारली, मुलांनी महार असल्याचं सांगितलं आणि स्टेशनाबाहेरचा एकही बैलगाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन, गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर प्रवास झाला, तोही पाण्यावाचून.

पुढे १९२९ साली तेच बाबासाहेब बॅरिस्टर झालेले, अस्पृश्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य. चाळीसगावला रेल्वेतून उतरले, तर टांगेवाला महारवाड्यात टांगा हाकायला तयार नव्हता. समाजातल्याच माणसाने, हाकण्याची सवय नसताना, टांगा हाकला. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि जबर जखमी झाले.

दोन्ही प्रसंगांत आगगाडीने तिकीट पाहून नेलं. अडवणूक सुरू झाली ती स्टेशनाच्या बाहेर, जिथे प्रवास खासगी माणसाच्या मर्जीवर आला. म्हणजे रेल्वे जातीच्या पलीकडे होती असं मात्र नाही. १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनीच दाखवून दिलं होतं की आपला माणूस गँगमन म्हणून राबतो, पण त्याला पोर्टर होता येत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामंही करून घेतो.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करू. मावशीला चौकात उतरवणारा रिक्षावाला १९०१ चा गाडीवान नाही. तोही हप्त्याच्या ओझ्याखालचा गरीब माणूस. रस्ता खड्ड्यांचा, परतीचं भाडं मिळत नाही, ही त्याची कारणं खरी आहेत. पण मग विचारायला हवं, रस्ता आमच्याच वस्तीचा खड्ड्यांचा का? दिवा चौकातच का संपतो? आज आमची जात विचारावी लागत नाही, पत्ता पुरतो. म्हणून आमचं भांडण रिक्षावाल्याशी नाही. ज्या व्यवस्थेने हा शेवटचा तुकडा त्याच्या मर्जीवर सोडला, तिच्याशी आहे.

हिशोब करून पाहा. शेअर रिक्षाचे एका वेळचे २० रुपये धरले, तर जाऊन-येऊन ४०. महिन्याचे २६ दिवस कामावर गेलं की १,०४० रुपये. मावशीच्या लोकलच्या मासिक पासापेक्षा स्टेशन ते घर हा तीन किलोमीटरचा प्रवास महाग पडतो! लोकलचं सेकंड क्लासचं किमान भाडं आजही ५ रुपये आहे. मुंबईत बेस्टचं साध्या बसचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ वरून थेट १० रुपये झालं. कष्टकरी माणूस पैसे वाचवायला चालतो, आणि त्या चालण्याची नोंद कुठल्याच प्रकल्प अहवालात होत नाही.

लोकलचा विस्तार हवाच. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं खाली पडली, त्यात किमान चार जणांचा जीव गेला. गर्दी माणसं मारते, हे त्या दिवशी पुन्हा सिद्ध झालं. जानेवारी २०२४ मध्ये लोकल उरणपर्यंत पोहोचली. एमयूटीपी-३ मध्ये पनवेल-कर्जत हा सुमारे ३० किलोमीटरचा उपनगरी मार्ग आहे. मोहोपे, चौक ही नावं ऐकताच बिल्डरांचे फलक आठवतात. पण त्याच पट्ट्यात कातकरी आणि ठाकरांच्या वाड्या आहेत. स्टेशनमुळे जमिनीला भाव येईल, टॉवर उभे राहतील. वाडीतून स्टेशनपर्यंत एसटी किंवा पालिकेची बस येईल का? की वाडीतली बाई डोक्यावर पाटी घेऊन त्याच स्टेशनाबाहेर बसेल आणि गाडी दुसऱ्यांसाठी धावेल?

जोडणी होत नाही, कारण प्रत्येकाचं संस्थान वेगळं. लोकल रेल्वेची, मेट्रो वेगवेगळ्या यंत्रणांची, बस प्रत्येक महापालिकेची. सगळ्या वाहतुकीसाठी शहराचं एकच प्राधिकरण असावं, असं केंद्राचं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण २००६ पासून सांगतंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'मुंबई वन' ॲप आलं, ११ सेवांची तिकिटं एका मोबाईलवर आली. चांगलं झालं. पण ॲपने तिकीट जोडलं म्हणून बस जोडली जात नाही. जी बस येतच नाही तिचं तिकीट काढून करायचं काय?

"हे सगळं व्यवहारात जमत नाही" असं आम्हाला सांगितलं जातं. त्याचं उत्तर आपल्याच अनुभवात आहे. दरवर्षी ५ आणि ६ डिसेंबरच्या मधल्या रात्री मध्य रेल्वे मेन आणि हार्बर मार्गावर विशेष लोकल सोडते. दादरला चैत्यभूमीसाठी बेस्ट जादा बस चालवते. म्हणजे भर रात्री रेल्वे आणि बसची सांगड घालता येते, इच्छा असली की यंत्रणा हलते. आणि ही इच्छा दयेतून आलेली नाही. लाखोंचा समाज शिस्तीने येतो, म्हणून ती आली. जे महापरिनिर्वाण दिनी जमतं, ते ७ डिसेंबरला पहाटे कामावर निघालेल्या बाईसाठी का जमू नये?

मित्रहो, आपल्या स्टेशनवर पहिली आणि शेवटची लोकल कधी येते, तेव्हा बस असते का, याची वही करा. माहिती अधिकारात पालिकेला विचारा की वस्तीचा बसमार्ग कधी आणि कोणत्या ठरावाने बंद झाला. वस्तीच्या रस्त्याचा आणि दिव्यांचा निधी कुठे गेला, तेही विचारा. निवडणुकीत उमेदवार कमानीखाली हार घालायला आला, की त्याला शेवटच्या लोकलने बोलवा आणि चौकातून चालत आत आणा. मसूरला मुलांनी गाडी स्वतः हाकली, कारण दुसरा पर्याय नव्हता. आपल्याकडे संविधान आहे. आता रिक्षावाल्याची विनवणी नको, दारापर्यंत हक्काची बस हवी.

जय भीम!