मातीची नोंद कोणाच्या दप्तरी? इंदापूर १८३६ ते बारामती २०२४

बारामतीच्या परिसरात उसाच्या काही फडांत अलीकडे एक खांब उभा दिसतो. त्याच्या माथ्यावर छोटेसे हवामान केंद्र असते आणि बुडाशी मातीत पुरलेले सेन्सर. मातीतील ओल, तापमान, क्षारता, हवेतील दमटपणा, वारा यांची मोजणी रात्रंदिवस चालते. उपग्रहाने टिपलेल्या प्रतिमा तिला जोडल्या जातात, मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर गणिते होतात आणि पाणी केव्हा द्यावे, खत किती टाकावे, कीड कोठे दिसते आहे, याची सूचना शेतकऱ्याच्या मोबाइलवर येते.

या प्रयोगामागे अप्पासाहेब पवारांनी १९७१ मध्ये उभारलेला बारामतीचा ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट, मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ आहे. तंत्राचे मूळ मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात रणवीर चंद्र यांनी उभ्या केलेल्या 'फार्मबीट्स' प्रकल्पात सापडते. २०२४ मध्ये सुमारे हजार ऊस उत्पादकांसाठी ही योजना जाहीर झाली. २०२५ च्या प्रारंभी कंपनीचे प्रमुख सत्या नडेला यांनी तिची जाहीर प्रशंसा केली आणि बारामतीचे नाव जगभर फिरले.

प्रशंसा अनाठायी नाही. पाणी वाचत असेल, खताचा खर्च उतरत असेल, तर त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र या कौतुकाच्या गर्दीत एक जुना प्रश्न मागे पडतो. जुना म्हणावयाचे कारण असे, की तो याच पंचक्रोशीत पूर्वी एकदा विचारला गेला होता. फार उशिरा विचारला गेला होता. परकीय संस्थेने येथे केलेली मोजणी कोणाच्या दप्तरात राहते?

बारामतीच्या शेजारचा तालुका इंदापूर. शिवपूर्वकाळाची आवड असणाऱ्यांना तो मालोजीराजांमुळे आणि शहाजीराजांच्या जहागिरीमुळे ठाऊक असतो. महसुलाच्या इतिहासात त्याचे स्थान निराळे आहे. पेशवाई बुडाल्यावर दहा वर्षांच्या आत, १८२७-२८ च्या सुमारास, रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याच्या जमिनीची मोजणी हाती घेतली. हेलीबरीच्या कंपनी-महाविद्यालयात तो माल्थसच्या व्याख्यानांना बसलेला होता. प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढावयाचे आणि त्याच्या शेकडा ५५ सरकारने घ्यावयाचे, असा त्याचा सिद्धान्त. कागदावर तो निर्दोष होता. मोजणीत मात्र खोट्या नोंदी शिरल्या, धान्याचे भाव पडले, पाऊस चुकला आणि त्या आकड्यांवर बसवलेला सारा रयतेच्या मानेवर आला. गावे ओस पडली. अनेक कुळे शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेली.

ही चूक निस्तरण्यासाठी १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन अधिकारी जेथे आले, ते ठिकाण इंदापूरच होते. त्यांनी उत्पन्नाचा हिशेब सोडून दिला आणि मातीच मोजली. माती किती हात खोल, रंग काळा की तांबडा, चुनखडी आहे का, उतार आहे का, पाणी साचते का, हे पाहून सोळा आण्यांपासून खाली उतरत जाणाऱ्या नऊ प्रती ठरल्या. १८३६ पासून नवे दर लागू झाले आणि ते तीस वर्षे कायम राहणार होते. दर हलके होते. पडीक जमीन पुन्हा नांगराखाली आली. पुढे मुंबई इलाख्यात हीच पद्धत पसरली. 'सर्व्हे नंबर' हा शब्द मराठी खेड्यात रुजला तो याच मोजणीमुळे.

येथपर्यंतची कथा बारामतीच्या खांबासारखीच आहे. परदेशी कंपनी येते, शास्त्र आणते, माती मोजते आणि शेतकऱ्याचे भले होते. फरक एवढाच, की त्या काळी कंपनी हीच सरकार होती, त्यामुळे 'राष्ट्रीय सुरक्षा' हा शब्द उच्चारण्यासही कोणी नव्हते.

तीस वर्षे सरली. मधल्या काळात रेल्वे आली होती. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला आणि त्यासोबत इतर मालालाही चढे भाव मिळाले होते. १८६७ मध्ये इंदापूरचा फेरआकार झाला आणि सारा मोठ्या प्रमाणात वाढला. लवकरच भाव कोसळले. सारा खाली आला नाही. आपल्या शेताची प्रत कोणी, कशी ठरवली, हे कुणब्याला वाचता येत नव्हते. पुणे सार्वजनिक सभेने रयतेची बाजू मांडली, परंतु दप्तर सरकारचे आणि त्याचा अर्थ लावणारेही सरकारच. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात जमाव उसळला. सावकारांची खतपत्रे आणि वह्या बाहेर काढून जाळण्यात आल्या. दख्खनचा दंगा म्हणून तो प्रसिद्ध आहे. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे.

दंग्याची कारणे अनेक होती आणि सारावाढीला त्यात किती वजन द्यावे याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. रोष सावकारावर होता, मोजणी-खात्यावर नव्हता, हेही खरे. पण लोकांनी जाळले काय, ते पाहण्यासारखे आहे. धान्याच्या कोठारांपेक्षा त्यांचा रोख कागदावर होता. ज्या नोंदीने आपले आयुष्य ठरते आणि जी आपल्याला वाचता येत नाही, ती नोंद त्यांनी आगीत टाकली.

बरोबर शंभर वर्षांनी, १९७५ मध्ये, असाच एक संशय दिल्लीत संसदेपर्यंत पोहोचला. त्याचे धागेदोरे मुंबई आणि पुणे येथे होते, आणि विषय होता पाखरांचा.

इंदापूर तालुक्यात भिगवण-कुंभारगावच्या बाजूला उजनीच्या फुगवट्यावर आज हिवाळ्यात रोहित आणि पट्टकादंब पाहावयास गर्दी होते. हे जलाशय तेव्हा भरावयाचे होते, पण हिमालय ओलांडून येणाऱ्या पाखरांचे कुतूहल जुने होते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ पासूनच पक्ष्यांच्या पायात कडी घालण्यास आरंभ केला होता. त्या कड्यावर इंग्रजीत मजकूर असे: मुंबईच्या सोसायटीस कळवा. पाखरू सायबेरियात सापडो की कझाकस्तानात, पत्र मुंबईला यावे, अशी ती योजना.

१९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे आणि माणसे एका अज्ञात तापाने मरू लागली. रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने १९५२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने तो विषाणू ओळखला. गोचिडीतून पसरणारा हा विषाणू रशियातील एका मेंदुज्वराच्या विषाणूचा नातलग निघाला. मग स्थलांतरित पाखरांच्या अंगावरील गोचिड्यांनी तो आणला असावा काय? डॉ. सालिम अली यांना अनेक वर्षे हवा असलेला पक्षी-स्थलांतराचा मोठा प्रकल्प या शंकेतून उभा राहिला. प्रथम पैसा जागतिक आरोग्य संघटनेचा होता. तो आटल्यावर अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय संशोधनाशी निगडित अशा एका सर्वेक्षणाचा पैसा आला. त्याचे केंद्र बँकॉकमध्ये होते.

सालिम अलींना पाखरे कोठून येतात आणि कोठे जातात, हे हवे होते. अमेरिकी सैन्याला पाखरांबरोबर कोणते रोग कोठे जातात, हे हवे होते. कडे एकच, त्याकडे पाहणारे डोळे दोन.

१९७४ मध्ये वृत्तपत्रांतून गवगवा झाला. त्याच वेळी दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा एक प्रकल्प चालू होता. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या या संयुक्त कामाला पैसा अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेकडील पीएल-४८० च्या रुपयांतून येत होता. पीतज्वर भारतात नाही, तरी तो पसरवू शकणाऱ्या डासावर तेथे एवढा भर का, हा प्रश्न विचारला गेला. ज्योतिर्मय बसू यांच्या अध्यक्षतेखालील लोकलेखा समितीने १९७५ मध्ये आपला १६७ वा अहवाल सादर केला. असल्या संशोधनाचा उपयोग भारतापेक्षा जैविक युद्धात रस असणाऱ्यांना अधिक, असा तिचा रोख होता. डासांचा प्रकल्प त्याच वर्षी बंद पडला. पक्ष्यांचा प्रकल्पही संशयाच्या छायेत आला आणि साऱ्या आयुष्याची तपश्चर्या पाखरांना वाहिलेल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या सालिम अलींना आपल्या हेतूविषयी बोलणे भाग पडले.

त्यांच्यावर अन्याय झाला, असे म्हणता येते आणि म्हटलेही पाहिजे. तथापि समिती मूर्ख होती, हा निष्कर्ष त्यावरून निघत नाही. तिने विचारलेला प्रश्न योग्य होता. तो पहिला करार होताना कोणी विचारावयास हवा होता. तसे झाले असते तर तो निधी देणाऱ्याला विचारला गेला असता. पंधरा वर्षांनी विचारला म्हणून तो पक्षीतज्ज्ञाच्या दारी येऊन उभा राहिला.

आता बारामतीच्या उसाकडे परत वळता येईल. उसाच्या ओलाव्यात कसली आली राष्ट्रीय सुरक्षा, असे कोणी विचारील. १९७२ मध्ये सोव्हिएत संघाने अमेरिकेकडून गाजावाजा न करता प्रचंड गहू विकत घेतला आणि रशियातील पीक किती बुडाले आहे याचा अंदाज अमेरिकेला वेळीच आला नाही. घरच्या बाजारात भाव भडकले. त्यानंतर १९७४ मध्ये नासा आणि अमेरिकेचे कृषी खाते यांनी उपग्रहावरून परक्या देशांतील गव्हाचा अंदाज घेण्याचा मोठा प्रयोग सुरू केला. दुसऱ्याच्या शेतात किती पिकणार हे आधी कळणे, ही महासत्तांनी तेव्हापासून गंभीरपणे घेतलेली गोष्ट आहे. साखरेच्या जागतिक उत्पादनात भारत पहिल्या दोघांत मोडतो. हजार शेतांची ओल हे शेतकऱ्याचे काम. लाखो शेतांची ओल एकत्र झाली, की ती बाजाराची आणि राज्यकारभाराची बाब होते.

भारतीय कायदा या दिशेने पावले टाकीत आहे, पण त्याच्या जाळीला भोके आहेत. फेब्रुवारी २०२१ च्या भू-स्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार आडव्या अंतरात एक मीटर आणि उंचीत तीन मीटर यांहून सूक्ष्म नकाशे केवळ भारतीय संस्थांनी करावयाचे आणि ते देशातच साठवावयाचे. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा शेतकऱ्याच्या नावाशी जोडलेल्या माहितीला संरक्षण देतो. नावे पुसून एकत्र केलेल्या आकड्यांना देत नाही. वर सांगितलेल्या गव्हाच्या प्रयोगात नेमके असलेच आकडे हवे होते.

माहिती देशातच ठेवली म्हणजे भागले, हाही भ्रम ठरू शकतो. मायक्रोसॉफ्टचे एक मोठे विदा केंद्र २०१५ पासून खुद्द पुण्यात आहे. बारामतीहून ते एसटीच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ. पण २०१८ च्या एका अमेरिकी कायद्यानुसार अमेरिकी कंपनीच्या ताब्यातील माहिती जगात कोठेही साठवलेली असली, तरी तेथील न्यायिक आदेशाने मागता येते. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध घातल्यावर गुजरातेतील वाडिनार तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा अचानक थांबल्या. ना भारताने निर्बंध लादले होते, ना अमेरिकेने. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. हेरगिरीचा येथे लवलेशही नव्हता. बटण दुसरीकडे होते, इतकेच.

याचा अर्थ परकीयांना दार बंद करावे, असा मुळीच नाही. रॉकफेलरच्या पैशातून उभी राहिलेली पुण्याची प्रयोगशाळा आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे आणि २०२० च्या महामारीत साऱ्या देशाची भिस्त तिच्यावर होती. बारामतीतही डच सहकार्याने भाजीपाल्याचे केंद्र चालते. संस्था, इमारत, नमुने आणि माणसे येथेच राहिली, म्हणून पुण्याचे उदाहरण सुफळ ठरले. उसाच्या प्रयोगातही तसेच घडू शकते. मूळ नोंदींची पूर्ण प्रत ट्रस्टच्या स्वतःच्या यंत्रांवर असणे, त्या नोंदींवर शिकवलेल्या प्रतिमानाचा हक्क करारात लिहिलेला असणे, आणि शेतकऱ्याने बाहेर पडावयाचे ठरवल्यास त्याच्या शेताच्या नोंदींचे काय होते हे मराठीत, त्याच्या हाती असणे, या मागण्या अवाजवी नाहीत. त्या मागण्याची वेळ हजार शेते असताना आहे.

इंदापूरच्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर आजही 'आकार' असा एक रकाना आहे. त्यात रुपये-पैशांत एक क्षुल्लक आकडा असतो आणि कोणी त्याकडे फारसे पाहत नाही. विंगेटच्या माणसांनी हात-हात खोल खणून मातीची जी प्रत लावली, तिच्याच वंशातला तो आकडा आहे. एवढे मात्र झाले आहे, की आता तो कागद कोणालाही काढता येतो, वाचता येतो आणि नोंद चुकली असेल तर तलाठ्याकडे दुरुस्तीचा अर्ज देता येतो.