दारातली क्रूझर

हिंगोलीच्या मोंढ्यात हळद आणि सोयाबीनची अडत असलेल्या एका घराच्या दारात गेली चौदा वर्षे एक पांढरी क्रूझर उभी आहे. मराठवाड्यात ‘क्रूझर’ म्हटले की समुद्रावरचे जहाज कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. लग्नाचे वऱ्हाड, पंढरीची मंडळी, तीर्थयात्रेचा संघ यांना पोटात घेऊन धावणारी ती उंच, लांबट गाडी आठवते. बारा माणसे आणि चालक असा तिचा हिशेब. मांडीवरची मुले त्यात धरायची नसतात. २०११ साली ती घरात आली तेव्हा दोन भाऊ, दोन जावा, सहा मुले आणि आजी-आजोबा अशी बरोबर बारा माणसे होती. आजोबांनी गाडी निवडताना रंग किंवा किंमत पाहण्याआधी बाके मोजली होती.

गाडीच्या निवडीत आजोबांचा थोडासा अभिमानही मिसळलेला होता. तिची कंपनी १९५८ मध्ये नवलमल फिरोदिया यांनी ‘बजाज टेम्पो’ या नावाने उभी केली आणि २००५ मध्ये तिचे नाव ‘फोर्स मोटर्स’ झाले. फिरोदिया घराणे मूळचे नगरचे. नवलमलजींचे वडील कुंदनमलजी मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. “आपल्या माणसांनी केलेली गाडी आहे,” असे आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. गाडी रस्त्यात बंद पडली की मात्र हे वाक्य ते तेवढ्यापुरते विसरत.

पहिली यात्रा कुंथलगिरीची झाली. कुलभूषण आणि देशभूषण मुनींचे ते सिद्धक्षेत्र आजोबांनी किशोरवयात पाहिले होते. १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना तेथे चालू असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना रेल्वे, बस आणि शेवटी बैलगाडी असा प्रवास करून नेले होते. तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. पुढे जिंतूरजवळची नेमगिरी, कचनेर, शिरपूर, मुक्तागिरी असे एकेक क्षेत्र क्रूझरने जोडले. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर मुले भेंड्या खेळत, मधल्या बाकावर जावा दशम्या आणि पुऱ्यांचे डबे सांभाळत. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे म्हणून गाडी कोठल्या झाडाखाली थांबवायची, हे आजी ठरवीत. त्या गाडीने एका नातेवाइकाच्या लग्नाचे वऱ्हाड नेले, दुसऱ्याच्या अंत्ययात्रेला माणसे नेली, आणि सहा वर्षांपूर्वी आजोबांना नांदेडच्या दवाखान्यात नेले तेही तिनेच. परतताना मात्र ते क्रूझरमध्ये नव्हते.

मग घर हळूहळू रिकामे होत गेले. तीन मुली सोलापूर, पुणे आणि अमरावतीला दिल्या. थोरल्याचा मोठा मुलगा पुण्यात संगणकाच्या नोकरीत रमला, दुसरा इंदूरला. घरात उरलेला सव्वीस वर्षांचा धाकटा नातू तेवढा क्रूझर चालवी, आणि बहुतेक वेळा बारा माणसांच्या गाडीत दोघेच बसलेले असत. आता नोंदणीची पंधरा वर्षे भरत आली होती. पुढे नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर असे सगळे ओघानेच येणार होते. विकायची असेल तर मुदत संपण्याआधी विकावी, हे बाजारात वावरणाऱ्या घराला वेगळे सांगावे लागत नाही.

२०२४ च्या दिवाळीत निर्वाणलाडू चढवून मंडळी घरी आली आणि फराळाच्या वेळी नातवाने आपला विचार मांडला. क्रूझर विकावी, त्यात आपली शिल्लक घालावी, आणि सहा आसनांची एक जुनी वेगवान बोट घ्यावी. औंढ्याच्या पुढे सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर पर्यटकांसाठी ती चालवावी. औंढा नागनाथाला वर्षभर भाविक येतात, नर्सी नामदेवला येतात. दर्शन झाले की त्यांना पाहण्यासारखे दुसरे काही उरत नाही. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयावर मुनावळे येथे २०२४ मध्येच शासनाने जलक्रीडा केंद्र सुरू केले; मग पूर्णेच्या पाण्यावर का होऊ नये? त्याने चौकशीही पुरी केली होती. गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत बोट हाकण्याचे आणि जीवरक्षणाचे शिक्षण मिळते. यांत्रिक नौकेची नोंदणी आणि तपासणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने सक्तीची आहे, आणि धरणाच्या पाण्यावर उतरायचे तर जलसंपदा विभागाची परवानगी लागते. हे सारे त्याने एका वहीत लिहून आणले होते.

फराळाच्या ताटांवर काही क्षण शांतता पसरली. काकांनी चिवड्यातला एक शेंगदाणा बाजूला काढीत विचारले, “बोट गाडीमागे जोडून न्यावी लागते ना? मग ओढायची गाडीच विकल्यावर ती नेणार कोण?” सगळे हसले. नातूही हसला, पण त्याची वही बंद झाली.

आईचा विरोध हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनीच्या पाण्यात वादळात प्रवासी बोट उलटून सहा जण बुडाले होते. पुढे १८ डिसेंबरला मुंबईजवळ घारापुरीला जाणाऱ्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि कित्येक घरे उजाड झाली. त्या रात्री बातम्या पाहताना आईने काहीच म्हटले नाही. दूरदर्शन संच बंद करून ती स्वयंपाकघरात गेली. “जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय मी कोणाला बसवणारच नाही,” असे नातू दारात उभा राहून सांगत होता. “तू सगळ्यांना घालशील,” ती म्हणाली, “पण ज्या दिवशी एखादा नको म्हणेल आणि गिऱ्हाईक जाईल म्हणून तू गप्प बसशील, त्या दिवसाचं काय?” चाळीस वर्षे उधारी सांभाळणाऱ्या घरातली ती सून, गिऱ्हाइकापुढे माणूस कसा नमतो, हे तिने जवळून पाहिले होते.

आजीचा आक्षेप आणखी निराळा निघाला. तिच्या नित्य स्वाध्यायात समंतभद्राचार्यांचे ‘रत्नकरंडक श्रावकाचार’ असते. त्यात अनर्थदंडाच्या पाच प्रकारांमध्ये प्रमादचर्या सांगितली आहे: कारणावाचून माती खणणे, पाणी उधळणे, आग पेटवणे, निरर्थक भटकणे. “शेताला पाणी देणं वेगळं आणि मौजेसाठी पाणी घुसळणं वेगळं,” एवढेच ती म्हणाली. नातवाने उत्तर दिले, “आजी, पंधरा कर्मादानांत भाड्याने गाड्या देणंही येतं. आपल्या गावातल्या निम्म्या जैनांच्या ट्रका आहेत. त्यांना कोणी विचारत नाही.” उत्तर खरे होते, आणि थोडे उद्धटही. आजीने ते मनावर घेतले नाही. तिने त्याला जवळ बसवून विचारले, “पाण्यात तुझं असं काय आहे रे?”

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “दुकानात माझं काही नाही.”

हे वाक्य घरात कोणी उच्चारले नव्हते, पण ते सर्वांना ठाऊक होते. गादीवर वडील, तिजोरीवर काका. हळदीचा भाव कोणी सांगायचा हे ठरलेले. नातू काटा पाहतो, पट्ट्या लिहितो, पोती मोजतो. आणि पन्नाशीला येईपर्यंत तो ‘धाकटा’च राहणार. अडतीच्या घरांत मुलगा शहरात निघून जातो तो बहुधा पगारासाठी जात नाही. स्वतःची चूक स्वतः करून पाहायला जातो. वडिलांच्या कानावर ते वाक्य आजीनेच घातले. त्यांनी बोटीविषयी पुन्हा विनोद केला नाही.

महावीर जयंतीनंतर, एप्रिलच्या उन्हात, सगळे धरण पाहायला निघाले. दोन मुली माहेरपणाला आल्या होत्या, त्यांची मुले होती. कित्येक वर्षांनी क्रूझर भरली. औंढ्याच्या पुढे रस्ता अरुंद झाला आणि मग पाणी दिसले, पण फार दूर. येलदरी आणि सिद्धेश्वर ही पूर्णा प्रकल्पाची दोन धरणे. त्यांचे पाणी हिंगोली, परभणी, नांदेडच्या शेतांना जाते. सप्टेंबरात काठाला टेकलेला जलाशय उन्हाळी पाळ्या सुटल्या की मागे सरकत जातो. वडील चालत निघाले आणि पावले मोजू लागले. भेगाळलेल्या गाळावरून पाण्याच्या कडेपर्यंत चारशे दहा पावले भरली. पुढे गाळ ओला होता. माणूसही घोट्यापर्यंत रुतत होता. तेथे बोटीचा गाडा उतरवणे अशक्य होते.

काठाला एक भोई जाळे दुरुस्त करीत बसला होता. नातवाने त्याला बोटीविषयी विचारले. त्याने पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांकडे बोट दाखवले आणि म्हणाला, “मालक, ही सगळी जाळ्यांची बोया. तुमचा पंखा यात गुंतला तर तुमची बोट जाईल अन् माझं जाळं. भरपाई कोण कोणाला देणार?” जैन घरातली माणसे माशांच्या बाजूने उभी राहावीत की जाळ्याच्या, हा पेच क्षणभर सर्वांच्या चेहऱ्यांवर उमटला. आजी गाडीतच होती. तिला तो ऐकू आला नाही हे बरे झाले.

घरी आल्यावर वडिलांनी कोरा कागद घेतला. ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढाच खरा हंगाम. त्यात रविवार बावीसच्या आसपास, आणि दिवाळीची सुट्टी. महाशिवरात्रीला औंढ्याला गर्दी असते, तोवर पाणी मागे जायला लागलेले. चाळीस अश्वशक्तीचे यंत्र पूर्ण वेगात तासाला पंधरा लिटरच्या आसपास पेट्रोल पिते. त्यावर विमा, तपासणी, दोन प्रशिक्षित माणसांचा पगार, उन्हाळ्यात बोट ठेवायला छप्पर. आकडे एकाखाली एक मांडून त्यांनी कागद मुलाकडे सरकवला आणि बेरीज त्याला करायला सांगितली. त्याने दोनदा केली. दोन्ही वेळा पहिली तीन वर्षे तोटाच निघाला.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते तर ते मुलाच्या पराभवाचे झाले असते, आणि वडिलांना ते नको होते, असे मानायला जागा आहे. कारण अक्षय्य तृतीयेला त्यांनी दुकानातली खातेवही उघडून त्यात मुलाच्या नावाचे स्वतंत्र खाते घातले. जमेच्या बाजूला लिहिले, ‘क्रूझर विक्री’, आणि रकमेची जागा कोरी ठेवली. अट एवढीच घातली की गोव्याचे शिक्षण पुरे करून येणारा एक हंगाम त्याने कोकणात कोणाच्या तरी बोटीवर पगारी काम करावे. दुसऱ्याच्या यंत्राचे तेल हाताला लागल्यावर, दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाला जाकीट घाल म्हणून दटावल्यावर, तो परत येऊन जे सांगेल ते ऐकायचे. मग बोट असो वा आणखी काही. गाडीची किंमत तोवर उतरेल, हे काकांनी लक्षात आणून दिले. “उतरू द्या,” वडील म्हणाले. अडत्याच्या तोंडी हा शब्द सहसा येत नाही. आईने मात्र त्या खात्याकडे अजून पाहिलेले नाही, आणि तिची संमती कोणी गृहीतही धरलेली नाही.

चातुर्मास लागण्यापूर्वी आजीला कुंथलगिरीला जायचे होते. पहाटे गाडी धुऊन तयार झाली. नातू चालकाच्या जागेवर, शेजारी वडील, मधल्या बाकावर आजी, आई आणि काकू, मागे पूजेचे साहित्य आणि डबे. गल्लीच्या तोंडाशी मंदिरातून येणाऱ्या तीन वृद्ध बायका भेटल्या. गाडी कोठे निघाली असे त्यांनी विचारले, मग मागे जागा आहे का असे विचारले. नातू खाली उतरला, डबे बाकाखाली सरकवले आणि मागचे दार उघडून त्यांना एकेक करून वर घेतले.