चाकाचे कुलूप

वणीला मावशींचा दफनविधी दुपारी ४ वाजता होता. आम्ही यवतमाळहून निघालो, जोडमोहा मागे पडले आणि करंजीच्या अलीकडे मागचे चाक बसले. स्टेपनी होती, जॅक होता. परंतु चोरांच्या भीतीने आम्हीच प्रत्येक चाकाला एक कुलपाचा बोल्ट हौसेने लावून घेतला होता. त्याच्या नक्षीत बसणाऱ्या खास चावीवाचून तो फिरत नाही. मागे एका गॅरेजात हवेच्या बंदुकीने तो अतोनात आवळला गेलेला. आम्ही पाय देऊन जोर लावताच नक्षी झिजून सपाट झाली आणि चावी नुसतीच गरगरू लागली.

करंजीहून एक वृद्ध मिस्त्री आले. "साहेब, जोर नाई, पकड पायजे," ते म्हणाले. आम्ही सैल केलेले इतर बोल्ट त्यांनी प्रथम पुन्हा आवळले. त्याने अडकलेल्या बोल्टवरचा ताण हलका होतो. चाक जमिनीवरच ठेवून, किंचित लहान अशी १२ कोनांची जुनी गोटी त्यांनी हातोड्याने बोल्टच्या डोक्यावर ठोकून बसविली. लांब दांड्यावर सावकाश भार दिला. कट्‌कन आवाज झाला आणि बोल्ट सुटला. त्या जागी त्याच मापाचा साधा बोल्ट त्यांनी बोटांनी आटे जुळवून लावला.

वणीला पोहोचलो तेव्हा शवपेटी खाली उतरली होती. मूठभर माती मात्र आमच्या हातून पडली. हातांना ग्रीसचा वास होता.

ते कुलूप चोराला कधी भेटलेच नाही. आडवे आले ते आम्हालाच. परतल्यावर उरलेली तीनही आम्ही काढून टाकली.