सारख्याच दोघांतून एक निवडताना

सन २००३ च्या उन्हाळ्यात आपल्या शाळेच्या संगणक कक्षासाठी दहा नवे संगणक घ्यायचे ठरले आणि ते काम आम्हा चौघांवर आले. आमच्यात दोन शिक्षक, एक पालक आणि एक माजी विद्यार्थी. पैसे माजी विद्यार्थ्यांनी जमवलेले होते. देणगीदारांच्या यादीत शाळेतून निवृत्त झालेल्या मावशींचे ५०१ रुपयेही होते. त्यामुळे खरेदीत चूक होऊ नये, अशी धास्ती मनात होती.

इंदूरच्या बाजारात फिरून दोन कोटेशने हाती आली. एकात इंटेलचा पेंटियम ४, २.४ गिगाहर्ट्‌झचा. दुसऱ्यात एएमडीचा अ‍ॅथलॉन एक्सपी २४००+. मॉनिटर, हार्ड डिस्क, १२८ एमबी रॅम दोन्हीकडे सारखेच आणि एकूण किंमतही जवळजवळ सारखीच. दुकानदाराला विचारले तर तो हसून म्हणाला, "दोनों एक ही हैं साहब, जो पसंद आए ले जाओ."

इथून आमचा वाद सुरू झाला. अ‍ॅथलॉनच्या नावात २४०० असले तरी तो प्रत्यक्षात २ गिगाहर्ट्‌झवर चालतो, हे कळल्यावर गणिताच्या बाई म्हणाल्या, "मग ही फसवणूकच झाली की!" माजी विद्यार्थ्याने समजावून सांगितले. गिगाहर्ट्‌झ म्हणजे प्रोसेसरचे घड्याळ सेकंदाला किती अब्ज ठोके देते, एवढेच. एका ठोक्यात काम किती होते, ते त्या आकड्यावरून कळत नाही. त्या वेळच्या पेंटियम ४ मध्ये एखादी सूचना २० टप्प्यांतून जाई. अ‍ॅथलॉनमध्ये साध्या गणितासाठी १० टप्पे होते. लहान पावले भरभर टाकणारा आणि लांब टांगा टाकत सावकाश चालणारा, असे दोघे राजवाड्याहून निघून एकाच वेळी घरी पोहोचावेत, तसा हा प्रकार. म्हणून एएमडीने २००१ पासून गिगाहर्ट्‌झऐवजी असे क्रमांक द्यायला सुरुवात केली होती. कंपनी म्हणे, ही तुलना आमच्याच जुन्या अ‍ॅथलॉनशी आहे. बाजार मात्र ती पेंटियमशीच लावत असे.

तीन रविवार पोहे-जिलबीबरोबर आम्ही हेच बोलत होतो. शेवटी बाईंनीच तोडगा काढला, "आपले काम घेऊन जाऊ आणि घड्याळ लावून पाहू." आम्ही शाळेच्या वार्तापत्राचा एक अंक सीडीवर घेऊन दुकानात गेलो. पेजमेकरमध्ये मराठी मजकुराची पाने उघडली, छायाचित्रे बसवली, छपाईला दिली. दोन्ही यंत्रांत दोन-चार सेकंदांचा फरक पडला, तोही कधी याच्या बाजूने, कधी त्याच्या. पण एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. दोन्ही यंत्रे एकाच जागी अडखळत होती. छायाचित्रे उघडताच हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकत राही आणि आम्ही वाट पाहत बसू. दुकानातल्या कारागिराने एकात आणखी १२८ एमबी रॅम बसवली. ती वाट पाहणे जवळजवळ संपलेच! आम्ही तीन आठवडे प्रोसेसरवर भांडलो आणि अडचण होती रॅमची.

मग ठरले, की प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यायचा आणि वाचलेल्या पैशांत रॅम दुप्पट करायची. तरी कोणाचा, हा प्रश्न उरलाच. आमच्यातल्या पालकांनी सुचवले, पाच हे घ्या, पाच ते घ्या. तेव्हा तो कारागीर म्हणाला, असे करू नका. दोघांचे मदरबोर्ड वेगळे, एकाचा प्रोसेसर दुसऱ्यावर बसत नाही. सगळे एकाच जातीचे असतील, तर एक बंद पडल्यावर त्याचे सुटे भाग बाकीच्या नऊंना उपयोगी पडतील. त्याच्याकडे पेंटियमचे बोर्ड नेहमी असत. शिवाय फार तापला तर पेंटियम ४ आपण होऊन वेग कमी करी. अ‍ॅथलॉन एक्सपीच्या बाबतीत तसा बचाव बराचसा मदरबोर्डवर अवलंबून होता. आमच्या कक्षात तेव्हा कूलर होता आणि मे महिना तर येतच असतो. आम्ही पेंटियम घेतले. माजी विद्यार्थी थोडा नाराज झाला, पण सही त्यानेही केली.

२००६ साली पाच-सहा संगणक एकाएकी संथ झाले. आम्ही व्हायरस शोधत बसलो. झाकण उघडले तर पंख्यांवर धुळीचा थर! साफसफाई आम्हीच केली नव्हती. आठवीच्या मुलांनी ब्रशने पंखे स्वच्छ केले आणि यंत्रे पुन्हा पूर्ववत झाली.

पुढे त्या आकड्यांचेही महत्त्व ओसरले. २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ४ चा बेत रद्द केला. २००६ मध्ये आलेला त्याच कंपनीचा कोअर २ ड्युओ कमी गिगाहर्ट्‌झ असूनही जास्त काम करू लागला. ज्या आकड्यासाठी आम्ही भांडलो, तो बनवणाऱ्यांनीच मागे टाकला.

कक्ष सुरू झाल्यावर मावशी पाहायला आल्या होत्या. कोणत्या कंपनीचे घेतले, हे त्यांनी विचारले नाही. "पोरं बसतात ना यावर?" एवढेच विचारले. त्या वेळी सहावीचा वर्ग आत होता, तो त्यांना दाखवला.

आता दर जूनमध्ये बारावी झालेली मुले आम्हाला विचारतात, सर, लॅपटॉप कोणता घेऊ, इंटेलचा की एएमडीचा? आम्ही त्यांना तीन गोष्टी विचारतो. त्यावर काम काय करणार? त्या कामात अडखळते काय? आणि बिघडला तर जवळपास दुरुस्त कोण करणार? ही उत्तरे मिळाल्यावरही दोघे सारखेच राहिले, तर मुलांनो, खुशाल कोणताही घ्या. आणि हो, पंखा मात्र साफ ठेवा.